आधी होकार, खाली नाव: शिरूर-दौंडच्या लग्न-फोटोग्राफरांचा जाहीरनामा

घोडनदीच्या काठापासून भीमेच्या काठापर्यंत लग्ने टिपणारी माणसे आम्ही. रांजणगाव, न्हावरे, चौफुला, पाटस, कुरकुंभ, जिथे मांडव तिथे आमचा कॅमेरा. हळदीपासून पाठवणीपर्यंत उभे राहून काढलेले फोटो चार दिवसांत भलत्याच ठिकाणी दिसतात. कधी मंगल कार्यालयाच्या जाहिरातीत, कधी मेकअप आर्टिस्टच्या पानावर, कधी दागिन्यांच्या दुकानाच्या फ्लेक्सवर. खालचे आमचे नाव कापलेले असते. ज्या मुलीचा तो चेहरा, तिला कोणी विचारलेलेही नसते. हे दोन्ही अन्याय एकाच सवयीतून होतात आणि ते एकत्रच थांबतील, असे आम्ही मानतो. त्यासाठी ही चळवळ.

कायदा कोणाच्या बाजूला आहे

ज्याने बटण दाबले त्याचा फोटो, असा आपल्या धंद्यात पक्का समज आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा फोटो काढणाऱ्याला कर्ता मानतो, हे खरे. पण त्याच कायद्याचे कलम १७ सांगते की मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार झाला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा असतो. म्हणजे तोंडी ठरलेल्या ऑर्डरीत हक्क यजमानांचा. मूळ फाइल आपल्या हार्डडिस्कवर आहे, एवढ्याने तो आपला होत नाही.

तरीही फोटोग्राफरच्या हातून एक गोष्ट जात नाही: कर्तेपण. कलम ५७ नुसार कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी ‘हे काम माझे’ असे म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. फोटोची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला बाधा आणली, तर दादही मागता येते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-ब नुसार, कर्त्याची ओळख सांगणारी हक्कविषयक माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढून टाकणे हा गुन्हा आहे.

चेहऱ्याच्या मालकाचेही बळ मोठे आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

ब्रिटनने १९८८ च्या कायद्यात या दोघांची सांगड घातली. कॉपीराइट फोटोग्राफरला दिला आणि घरगुती कारणासाठी फोटो काढून घेणाऱ्याला ते लोकांपुढे येऊ न देण्याचा अधिकार दिला. आपल्याकडे अशी वाटणी करायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. ‘वेगळा करार नसेल तर’ असे म्हणून कायद्यानेच दार उघडे ठेवले आहे. ती वाटणी आम्ही करारानेच करू.

आम्ही काय करू

१. येत्या तुळशीच्या लग्नापासून ॲडव्हान्स घेतानाच एक पानी मराठी करार करू. कॉपीराइट कोणाकडे, अल्बम आणि फाइली किती, कुठले फोटो कुठे आणि किती काळ दाखवायचे, हे त्यात स्पष्ट असेल. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून या जागा कोऱ्या राहणार नाहीत.

२. पैसे बाप देत असला तरी होकार नवरी आणि नवरदेव या दोघांचा घेऊ. नकार दिला म्हणून दर वाढवणार नाही. हळदीचे, पाठवणीतल्या रडण्याचे आणि लहान मुलांचे फोटो वेगळ्या होकाराशिवाय टाकणार नाही.

३. दिवसाच्या बोलीवर आलेला दुसरा कॅमेरामन, ड्रोनवाला आणि अल्बम डिझाइन करणारा यांचीही नावे देऊ. नावाचा आग्रह स्वतःपुरता धरला तर त्याला किंमत राहत नाही.

४. वरातीत गाणे वाजवायला कायद्याने सूट आहे. तेच गाणे रीलला जोडून धंद्याच्या जाहिरातीला वापरताना त्या सूटीचा आधार घेणार नाही. संगीतकारही आपल्यासारखाच कारागीर आहे.

आम्ही काय मागतो

यजमानांकडे: स्टेटसला, नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो खुशाल टाका, तो तुमचा आनंद आहे. फक्त नाव कापू नका. पाहुण्याने स्वतःच्या मोबाइलवर हौसेने काढलेल्या फोटोचा कर्ता तो पाहुणा आहे, हेही ध्यानात ठेवा.

कार्यालये, केटरर, डेकोरेटर, मेकअप आर्टिस्ट आणि दुकानदारांकडे: तुमचे काम त्या फोटोत दिसते, म्हणून तो तुमचा होत नाही. जाहिरातीसाठी घरच्यांचा होकार आणि हक्क ज्याच्याकडे आहे त्याची लेखी परवानगी घ्या. आम्ही वाजवी दरात देऊ.

पोलीस आणि वकिलांकडे: लग्नाच्या फोटोची तक्रार किरकोळ समजू नका. कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, म्हणून नोंदणी नाही या कारणावर कोणाला परत पाठवू नका.

सहभागी व्हायचे असेल तर

या चळवळीला वर्गणी नाही. लाखाच्या कॅमेऱ्यावर काम करणारा आणि जुन्या कॅमेऱ्यावर गावातली लग्ने करणारा, दोघांची सही सारखी. अट एकच. सही करण्याआधी आपल्या धंद्याचे पान उघडावे आणि ज्याला होकार नाही किंवा ज्याखाली खऱ्या कर्त्याचे नाव नाही, असा प्रत्येक फोटो उतरवावा. सही त्यानंतर.