'मानेचे नंतर बघू' हे गरिबाला परवडत नाही

आमच्या कळंब्यातल्या एका काकांनी आयुष्यभर गटारी उपसल्या. वास सहन व्हावा म्हणून तोंडात तंबाखू, नंतर मावा. जिभेच्या कडेची जखम महिनाभर बरी होईना. तपासले तेव्हा सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर निघाला. एका दवाखान्यात जिभेचा तेवढा भाग काढला आणि सांगितले, "मानेत गाठ नाही. दर महिन्याला दाखवून जा." प्रत्येक फेरीला एक हजेरी बुडायची. काका दोनदा गेले, मग चार महिने गेलेच नाहीत. पुढच्या वेळी मानेत लिंबाएवढी गाठ होती.

"पेशंट वेळेवर आला नाही," असा शेरा मारून व्यवस्था मोकळी झाली. माझे म्हणणे वेगळे आहे. ज्याला दर महिन्याला येणे जमणार नाही हे दिसत होते, त्याचे उपचार दर महिन्याला येण्यावरच का बेतले?

हा प्रश्न भावनेचा नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षे नेमके हेच तपासले. सुरुवातीचा तोंडाचा कॅन्सर असलेले, पण मानेत गाठ न लागणारे रुग्ण त्यांनी घेतले. निम्म्यांच्या मानेतल्या लसिका ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या. उरलेल्यांच्या मानेवर गाठ आली तरच ऑपरेशन केले. २०१५ साली ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. लक्षात घ्या, दुसऱ्या गटावर डॉक्टरांची नियमित नजर होती. तरीही हा फरक. मग ज्याच्यावर कुणाचीच नजर नाही, त्या आमच्या माणसाचे काय?

याला दुसरी बाजूही आहे. पहिल्या गटात दहांपैकी सुमारे सात जणांच्या मानेत कॅन्सर सापडलाच नाही. मानेच्या ऑपरेशननंतर खांदा दुखू शकतो, हात वर उचलताना त्रास होतो. खोऱ्या-पाटीवर पोट असलेल्यासाठी ही किरकोळ गोष्ट नाही. म्हणूनच हा निर्णय त्याला त्याच्या भाषेत समजावून, खांद्याच्या व्यायामासकट, आधीच ठरला पाहिजे. सही-अंगठ्यापुरती संमती म्हणजे संमती नव्हे.

मित्रांनो, पेशंटसोबत दवाखान्यात गेलात तर बाहेर चहाच्या टपरीवर थांबू नका. आत जा आणि विचारा: बायोप्सीचा रिपोर्ट काय? जबड्याच्या हाडापर्यंत गेले आहे का, ते स्कॅनमध्ये पाहिले का? मानेचे काय ठरवले आणि का? काढलेल्या जागी छातीचे मांस लावणार की पायाचे हाड? बोलता-गिळता कितपत येईल? नळीने जेवण किती दिवस? शेक लागला तर तो ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत कुठे सुरू होईल? शेकाआधी दात दाखवायचे का?

पैशाचाही हिशेब आधीच करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, रेशनकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी त्याला गाठा. पण बुडालेली हजेरी ही योजना भरून देत नाही. परळला जायचे तर महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र आणि तिथला मुक्काम आलाच. त्यासाठी वस्तीने वर्गणी काढावी. जयंतीच्या डॉल्बीतले थोडे पैसे इकडे वळले तर बाबासाहेब नाराज होणार नाहीत.

आणि "चाकू लागला की कॅन्सर पसरतो" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. अंगाऱ्या-धुपाऱ्यात गेलेले तीन महिने कॅन्सर परत देत नाही.

राज्यघटनेचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. ते कर्तव्य आम्ही मागणारच. गटारीत माणूस उतरवणारी व्यवस्था त्याच्या आजाराला फक्त त्याच्या व्यसनाचे फळ म्हणत असेल, तर त्याचाही जाब विचारणार. पण जाब विचारायला आधी माहिती लागते. 'शिका' या शब्दात बायोप्सीचा कागद वाचणेही येते.

काकांच्या मानेचे ऑपरेशन आता झाले आहे, शेक सुरू आहे. या वेळी आम्ही दोघे-तिघे पाळीपाळीने सोबत जातो. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

जय भीम!