बंदरावर उतरताना

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने जाणाऱ्या क्रूझची चौकशी आता आपल्या उल्हासनगरातही होऊ लागली आहे. सिडनीहून जहाजात बसावे, होबार्ट व मेलबर्न येथे उतरून शहर पाहावे आणि पुन्हा सिडनीला यावे, असा या सफरींचा एक प्रचलित क्रम. तिकडचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल असल्याने चातुर्मास आटोपून निघणे सहज जमते. कंदमूळवर्ज्य भोजनाची सूचना मात्र आरक्षणाच्या वेळीच लेखी द्यावी व जहाजावर चढताच खात्री करून घ्यावी. चौविहार पाळणाऱ्यांना डिसेंबरात एक सोयही आहे. मेलबर्नला त्या महिन्यात सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो!

व्यवस्थेची गोष्ट इथेच संपवू. वाचकहो, खरा प्रश्न बंदरावर उतरल्यावर काय पाहावे, हा आहे.

सिडनीत सर्क्युलर की या धक्क्यावर जहाज लागते. समोर १९७३ साली खुले झालेले ऑपेरा हाऊस, बाजूला १९३२ चा पोलादी पूल. छायाचित्रांची धांदल उडते, ती उडू द्यावी. पण याच खाडीत २६ जानेवारी १७८८ रोजी ११ ब्रिटिश जहाजांच्या काफिल्याने नांगर टाकला. त्यांतील बहुसंख्य लोक शिक्षा झालेले कैदी होते, आणि किनाऱ्यावर गडिगल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. होबार्टच्या धक्क्याजवळ तीन स्त्रिया व एक बालक यांचे कांस्य पुतळे उभे आहेत. कैदी म्हणून या बेटावर आणलेल्या स्त्रियांचे व त्यांच्या मुलांचे ते स्मारक आहे. तिथे चार क्षण थांबावे.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो मेलबर्नच्या स्टेशन पिअरला. प्रवासी येथे उतरतात आणि १०९ क्रमांकाची ट्राम धरून थेट शहरात जातात. धक्क्याकडे वळून कोणी पाहत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आलेली लक्षावधी माणसे याच लाकडी धक्क्यावर उतरली. पोलंड, लाटव्हिया, इटली, ग्रीस अशा देशांची ती माणसे. कित्येकांना परतायला घरच उरलेले नव्हते. त्यांपैकी अनेकांना आगगाडीने बोनेगिला येथे नेण्यात आले. ती होती लष्कराची रिकामी छावणी, पत्र्याच्या छपरांच्या ओळीच ओळी. १९४७ ते १९७१ या काळात तीन लाखांहून अधिक माणसे या छावणीतून गेली.

हे वर्णन वाचताना कॅम्प नंबर १ मधल्या माणसाला वेगळे काय सांगावे? आपले गावही युद्धकाळातील कल्याणची लष्करी छावणीच. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली असंख्य कुटुंबे कराचीहून बोटीने मुंबईच्या गोदीत उतरली आणि त्यांतील हजारो या बॅरेकांत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचे नामकरण झाले. ‘कॅम्प’ हा शब्द मात्र पत्त्यातून आजही गेलेला नाही. ज्यांच्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून आपण व्यापार करतो, त्या शेजाऱ्यांच्या घरातील पहिली सागरसफर ही अशी होती. तिला परतीचे तिकीट नव्हते.

एक फरक मला बोचतो. बोनेगिलाचा उरलेला भाग, ‘ब्लॉक १९’, २००७ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत घेण्यात आला. मेलबर्नच्या जुन्या कस्टम हाऊसमध्ये १९९८ पासून स्थलांतराचे संग्रहालय आहे. क्रूझच्या एका दिवसात ते आरामात पाहून होते, आणि माझ्या मते खरेदीपेक्षा तो वेळ सत्कारणी लागतो. आपल्याकडे बॅरेक पाडून इमारती उभ्या राहिल्या. माणसांना हवेशीर घरे मिळाली, हे चांगलेच झाले. तक्रार त्याबद्दल नाही. मात्र कोणत्या बोटीने कोण आले, गोदीतून इथवर कसे पोहोचले, एका बॅरेकीत किती संसार मांडले गेले, हे घराघरांतील वृद्धांच्या स्मरणातच राहिले. त्या वेळी आठ वर्षांची असलेली मुले आज ऐंशीच्या पुढे आहेत.

तेव्हा सफरीची बॅग भरण्यापूर्वी एका संध्याकाळी शेजारच्या दादा-दादींकडे जाऊन बसावे. बोटीचे नाव, बरोबर आणलेले सामान, बॅरेकीचा नंबर, जे आठवेल ते वहीत उतरवून घ्यावे. स्टेशन पिअरवर उभे राहाल तेव्हा ती वही जवळ असू द्या.