पत्ता शेवटाकडून वाचावा

गेल्या वर्षीं माझ्या मोबाइलवर निरोप आला : बँकेचें खातें आज रात्रीं बंद होणार, खालील दुव्यावर माहिती भरावी. दुव्याच्या आरंभींच बँकेचें नांव पाहून मीं ती भरली व कांहीं हजार रुपये गमावले. लाजेनें तीन दिवस घरांत कोणास सांगितलेंही नाहीं. पत्ता वाचतां आला असता तर हें टळतें. म्हणून आज इंटरनेटच्या चार शब्दांचा विचार करूं.

आमच्या डहाणूचा पिन ४०१६०१. ही आंकड्यांची योजना टपालखात्यांतील अधिकारी व संस्कृत कवि श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. इंटरनेटवरील यंत्रांसही असाच आंकड्यांचा पत्ता असतो, तो आय. पी. ॲड्रेस. त्याच्या रूढ प्रकारांत ० ते २५५ मधील चार संख्या असतात.

आपण धाडलेलें छायाचित्र अखंड जात नाहीं. त्याचे लहान तुकडे होतात, तींच पॅकेटें. प्रत्येकावर धाडणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. तो पाहून त्यांस पुढें वाटेला लावणारें यंत्र तें राउटर. मुक्कामीं पोंचल्यावर तुकडे पुन्हा क्रमानें जुळविले जातात.

आंकडे मनुष्याच्या लक्षांत राहात नाहींत, म्हणून डोमेन नांवें आलीं. नांवावरून आंकडा शोधून देणारी डी. एन्. एस्. ही व्यवस्था पॉल मॉकपेट्रिस यांनीं १९८३ सालीं रचिली.

आतां मुख्य गोष्ट. डोमेन नांव हा तत्पुरुष समास समजावा. त्यांत उत्तरपद प्रधान. राजपुरुष म्हणजे राजा नव्हे, राजाचा चाकर. तसेंच ‘अमुकबँक डॉट तमुक डॉट कॉम’ हा पत्ता बँकेचा नव्हे, तमुकाचा. ‘कॉम’, ‘को डॉट इन’ हे केवळ प्रत्यय. त्यांच्या लगतचें डावीकडील नांव मालकाचें. आरंभींच्या ‘एचटीटीपीएस’ मधील ‘एस’ वाट मोहोरबंद असल्याचें सांगतो. पलीकडचा मनुष्य सज्जन असल्याचें नव्हे. रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं आपल्या देशांतील बँकांसाठीं ‘बँक डॉट इन’ हा शेवट राखून ठेविला आहे. तो नसेल तर दुव्यास बोट लावूं नये.

जन्मभर मुलांना समास सोडविण्यास शिकविलें, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हां पूर्वपदावरच भुललों! तरीही घरांत कोणी फसलाच, तर त्यास रागें भरूं नये. आधीं १९३० या क्रमांकावर कळवावें. माझे तीन दिवस लाजेंत गेले. तुमचे तीन तासही जाऊं नयेत.