दोन पिवळे

आमच्या दरेकशात रस्त्यावर एकही सिग्नल नाही. आहेत ते रेल्वेचे. त्यामुळे सिग्नलला मोटार थांबवायला मी नागपुरात शिकलो, आणि चुकीचं शिकलो. म्हणजे सगळे करतात तसंच. समोर लाल दिसत असला तरी गाडी रेटत न्यायची आणि शेवटी ब्रेकवर पाय दाबायचा.

परवा आईला मणक्याच्या दुखण्यासाठी नागपूरला नेलं. तिसऱ्या सिग्नलला आरशात पाहिलं, तर ती पुढची सीट दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून बसलेली. तोंडातून शब्द नाही. तिच्या शेजारी मोठे काका. ते मालगाडीचे गार्ड होते. (२०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. काकांना ते नाव पसंत नाही!) म्हणाले, "बाबू, तुला पुढे बसून कळत नाही. मला विचार, मी जन्मभर शेपटीला बसलो."

खरंच आहे. मालगाडीच्या डब्यांच्या जोडांत थोडी ढील असते. इंजिनाचा हिसका डब्याडब्यातून खडखडत शेवटच्या ब्रेकव्हॅनपर्यंत येतो.

पण रेल्वेच्या ड्रायव्हरला लाल अचानक भेटत नाही. आधी दोन पिवळे, मग एक पिवळा, मग लाल. आपल्याकडे पिवळा जेमतेम काही सेकंद, आणि तोही आपण वेग वाढवायला वापरतो! माझं मत विचाराल तर ते दोन पिवळे आपले आपणच शोधायला हवेत. लांबचा हिरवा केव्हाचा हिरवाच आहे? आता जाणार. पुढच्या चार गाड्यांचे मागचे दिवे लागले? ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडी गिअरमध्येच मंदावू द्या. ब्रेक लवकर लावा, पण हलका. आणि अगदी थांबता थांबता दाब किंचित सोडा. जोरात दाबलेल्या ब्रेकचा जोर चाकं थांबताच एकदम नाहीसा होतो, म्हणून पुढे झुकलेलं अंग मागे आपटतं. अर्थात यासाठी पुढच्या गाडीपासून अंतर हवं. तिथे कुणी स्कूटर घुसवतो. घुसवू दे.

निघताना क्लच सावकाश सोडायचा. मागचा हॉर्न वाजवतो, तोही वाजवू दे.

परतताना नागपूर सुटायच्या आतच आईला झोप लागली. काका मात्र हळूच म्हणाले, "थांबतोस बरा. निघताना अजून हिसका बसतो."