मनोरा उतरेपर्यंत

दहीहंडी तुम्ही पाहिलीच असेल. पण हंडीच नसलेले थर कधी पाहिलेत? मी पाहिले, तेही स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात!

आम्ही तिघी मैत्रिणी तिथे जेमतेम तीन दिवस होतो. शहर कसलं, जत्राच ती! लोक रात्री दहाला जेवायला बसतात आणि त्यांची पोरं तेव्हा चौकात खेळत असतात. (बाई असल्यामुळे मला लगेच प्रश्न पडला, सकाळी शाळेला उठतात कशी?) त्यातून 24 सप्टेंबरला तिथला मोठा सण, ‘ला मर्से’. आमच्याकडे दुपारी एकची सग्रादा फामिलियाची तिकिटं होती. 1882 मध्ये बांधायला घेतलेलं ते प्रसिद्ध चर्च. वाटेत सांत जाउमे चौकात गर्दी दिसली, म्हटलं पाचच मिनिटं थांबू.

तिथे माणसांचे मनोरे रचत होते. त्यांना म्हणतात ‘कास्टेल’, म्हणजे किल्ला. कंबरेला लांबलचक काळा पट्टा घट्ट गुंडाळलेला. त्याने पाठीला आधार मिळतो आणि वर चढणाऱ्याला पाय रोवता येतो. तळाशी शेकडो माणसं एकमेकांना चिकटून उभी. त्यांना वरचं काहीच दिसत नाही बरं का! मग मनोरा कुठवर आला ते कळतं कसं? आपल्या सनईसारखं एक वाद्य वाजत असतं, त्याच्या सुरांवरून.

सगळ्यात शेवटी एक चिमुरडी निघाली, डोक्याला हेल्मेट. असेल सात वर्षांची. सरसर चढली आणि सहाव्या थरावर थांबली. खाली पाहिलं. पाय लटपटले. माझ्या वर्गातली पहिलीची पोर तिथे अडकलीय असंच मला वाटलं. ती परत फिरली! मनोरा थर-थर करत उतरवला. मला वाटलं, आता हिला बोलणी बसणार. पण एका दादाने तिला उचलून घेतलं, पाणी दिलं, बस्स.

‘‘चला गं, तिकिटं जातील!’’ मैत्रीण कुरकुरली. माझे पाय हलेनात.

थोड्या वेळाने पुन्हा सनई. पुन्हा तीच मुलगी. या वेळी थांबली नाही. टोकावर पोचून क्षणभर हात वर केला, आणि चौक दणाणला! मी नाचायलाच लागले. शेजारच्या आजोबांनी मात्र माझ्या दंडाला हात लावून ‘थांब’ अशी खूण केली. त्यांची नजर अजून वरच होती.

नंतर कळलं, मनोरा पुष्कळदा उतरतानाच कोसळतो. म्हणून नुसता रचला तर गुण कमी, नीट उतरवला तरच पूर्ण मानतात. शेवटचा माणूस जमिनीवर आला तेव्हा आजोबांनी मिठी सोडवली आणि टाळ्या वाजवल्या.

तिकिटं गेलीच. चर्च आम्ही बाहेरूनच पाहिलं. मैत्रीण रात्री जेवेपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि जेवायला तर दहा वाजले!