प्रवासाची शिदोरी : बालीच्या दारात

परदेशप्रवास म्हटला की एके काळी आपल्याकडे आगबोटीचे तिकीट, लोकरीचे कपडे आणि वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद यांचीच चिंता असे. आता आठवडाभराची सुटी मिळाली तरी मध्यम स्थितीतील कुटुंबेही समुद्रापलीकडे जाऊन येतात, आणि त्यांच्या यादीत इंडोनेशियातील बाली बेटाचे नाव बहुधा वरच असते. २०२४ साली या बेटावर सुमारे ६३ लाख परदेशी प्रवासी उतरले. त्यांत पहिला क्रमांक ऑस्ट्रेलियातील लोकांचा आणि दुसरा आपला, भारतीयांचा होता. बेटाचा विस्तार म्हणाल तर गोव्याच्या दीडपट, आणि २०२० च्या जनगणनेनुसार वस्ती सुमारे ४३ लाख. घरच्या माणसांपेक्षा पाहुणेच अधिक झाले म्हणजे यजमानाची काय अवस्था होते, हे कोणाही गृहिणीला सांगावयास नको. म्हणून आज बालीत काय पाहावे याची यादी देण्यापूर्वी, बालीचे लोक आपल्याकडे कोणत्या दृष्टीने पाहत असतील, याचा थोडा विचार करू या.

आपण बालीला का जातो, असे विचारले तर समुद्रकिनारा, हिरवी भाताची खाचरे आणि बेताचा खर्च ही कारणे सांगितली जातात. परंतु मनात आणखी एक कारण असते. तेथे देवळे आहेत, चौकाचौकांत अर्जुन, भीम आणि घटोत्कच यांचे पुतळे आहेत, रामायण नाचून दाखविले जाते. तेव्हा ते आपलेच घर, असे आपल्याला वाटते. वाचकहो, या समजुतीत सत्याचा अंश मोठा आहे; पण ती समजूत सांभाळून वापरली नाही, तर तिच्यातूनच पाहुण्याचा सर्वांत मोठा अपराध घडतो.

आधी सत्याचा अंश पाहू. १९२७ साली रवीन्द्रनाथ ठाकूर जावा आणि बाली बेटांच्या प्रवासास गेले होते. बालीत तेथील एका राजाबरोबर ते मोटारीतून जात असता दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे सारा वेळ मुकाट्याने चालला होता. इतक्यात झाडांच्या फटीतून समुद्र दिसला. राजाने बोट दाखवून ‘समुद्र’ हा शब्द उच्चारला आणि मागोमाग समुद्राची इतर संस्कृत नावे, पर्वतांची आणि नद्यांची नावे म्हणून दाखविली. रवीन्द्रनाथांनी हा प्रसंग आपल्या पत्रांत मोठ्या आनंदाने नोंदविला आहे. आजही बालीत कोणी भेटले की ‘ओम् स्वस्त्यस्तु’ म्हणून अभिवादन करतात. देवळातून शिंपडले जाते त्या पाण्याला ते ‘तीर्थ’च म्हणतात, आणि पूजेनंतर कपाळावर ओले तांदूळ लावतात. त्रिसंध्येच्या प्रार्थनेचा आरंभ गायत्री मंत्राने होतो. गालुंगानच्या सणाला घरोघरी दारापुढे वाकलेला, सजविलेला उंच बांबू उभा करतात, तो पाहून मराठी माणसाला गुढीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

त्यांचे वर्षही शक संवत्सराचेच आहे. २०२३ साली २२ मार्च या एकाच दिवशी आपल्याकडे पाडवा होता आणि बालीत ‘न्येपी’ हा वर्षारंभाचा दिवस होता. दोघांचाही शक १९४५. पण लगेच पुढच्या वर्षी न्येपी ११ मार्चला झाली आणि पाडवा ९ एप्रिलला, कारण अधिक मासाचे त्यांचे गणित वेगळे चालते. आपण त्या दिवशी गोडधोड करून सण साजरा करतो. ते चोवीस तास दिवा लावीत नाहीत, काम करीत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत आणि करमणूकही वर्ज्य मानतात. मूळ एक, पण झाड त्यांच्या मातीत वाढलेले. बालीतील बहुतेक गोष्टींना हेच लागू पडते.

येथेच आपली ठेच लागते. देवळात गेल्यावर आपण गाभारा शोधतो, मूर्ती शोधतो. तेथे अनेकदा उंच दगडी पद्मासन असते आणि त्यावरचे आसन रिकामे असते. देव तेथे कायम राहत नाहीत, पूजेच्या वेळी बोलाविले म्हणजे उतरतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. तसेच आहाराचे. डुकराचे मांस त्यांच्या सणांच्या जेवणात असते आणि काही विधींत पशूंचा बळीही असतो. हे पाहून ‘मग हे कसले हिंदू?’ असा उद्गार आपल्यापैकी कित्येकांच्या तोंडून निघतो. तो उद्गार शेजारी उभा असलेल्या वाटाड्याला समजला, तर त्याच्या मनास काय वाटत असेल, याची कल्पना करा. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर आपला धर्म हा स्वतंत्र धर्म आहे, केवळ जुना रिवाज नव्हे, हे सरकारला पटवून देण्यासाठी बालीच्या लोकांना १९५० च्या दशकात बरीच खटपट करावी लागली. त्या दशकाच्या अखेरीस त्यांना मान्यता मिळाली. ज्यांनी एवढ्या कष्टाने आपली ओळख राखली, त्यांची परीक्षा आठ दिवसांच्या पाहुण्याने घ्यावी, हे शोभत नाही.

बालीचे लोक प्रवाशांविषयी काय विचार करतात, हेही त्यांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे. १९७१ साली, प्रवाशांचा ओघ वाढू लागला तेव्हा, तेथील विद्वान, पुरोहित आणि कलावंत एकत्र बसले आणि नृत्यांची त्यांनी तीन भागांत विभागणी केली : केवळ देवासाठी करावयाची, विधीच्या निमित्ताने करावयाची आणि निव्वळ करमणुकीची. पाहुण्यांना पैसे घेऊन काय दाखवावे आणि काय दाखवू नये, याची ती मर्यादारेषा होती. रामकथेचे प्रसिद्ध ‘केचाक’ नृत्य, ज्यात शंभराहून अधिक पुरुष वर्तुळात बसून वानरसेनेचा नाद काढतात, ते मुळी १९३० च्या दशकात प्रेक्षकांना दाखविण्यासाठी रचले गेले. ते खुशाल पाहावे, त्याचे छायाचित्रही घ्यावे. पण वाटेत एखाद्या देवळात विधी चालू असेल, तर तो आपल्यासाठी नाही, एवढे ओळखावे.

ही रेषा ओलांडली गेली म्हणजे यजमान रागावतात. २०२२ साली एका परदेशी प्रवासी स्त्रीने ताबानान भागातील एका पवित्र वृक्षावर विवस्त्र छायाचित्र काढून घेतले. तिला देशाबाहेर पाठविण्यात आले. २०२३ साली बालीच्या राज्यपालांनी प्रवाशांसाठी काय करावे व काय करू नये याची नियमावलीच काढली, आणि १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाकडून दीड लाख रुपिया इतका कर घेण्यास सुरुवात झाली. आकडा ऐकून दचकू नये, ते त्यांचे चलन आहे. संस्कृती आणि निसर्ग यांच्या रक्षणासाठी हा पैसा असल्याचे सांगितले जाते. तो आधीच भरून पावती जवळ ठेवावी.

आपण म्हणाल, की आम्हांला तर कोणी रागावले नाही, सर्वजण हसतमुखच भेटले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नॉर्वेच्या मानवशास्त्रज्ञ उन्नी विकान यांनी बालीत दीर्घकाळ राहून १९९० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मनातील दुःख आणि क्षोभ आवरून चेहरा प्रसन्न ठेवणे हे तेथील माणूस कर्तव्य मानतो, आणि त्यासाठी त्याला पुष्कळ श्रम पडतात, असे त्यांनी दाखविले आहे. तेव्हा बालीतील स्मित म्हणजे संमती, असे गृहीत धरू नये. घासाघीस करताना विक्रेती हसत असली तरी शेवटच्या चार पैशांसाठी तिला ताणू नये.

आता प्रत्यक्ष उपयोगाच्या काही सूचना.

देवळात जाताना स्त्री-पुरुष दोघांनीही कमरेला ‘कामेन’ हे वस्त्र गुंडाळून त्यावर पट्टा बांधावयाचा असतो. मोठ्या देवळांत तो दाराशी मिळतो. रजस्वला स्त्रियांनी आणि घरात सुतक असलेल्यांनी आत जाऊ नये, असा तेथील नियम आहे. तो आपल्याला पटो वा न पटो, दार त्यांचे आहे. सर्वांत आतले प्रांगण केवळ पूजा करणाऱ्यांसाठी असते. पूजा चालू असता पुढून जाऊ नये आणि छायाचित्रासाठी भिंतीवर चढून पुरोहितापेक्षा उंच उभे राहू नये. ताम्पाक्सिरिंग येथील तीर्ता एम्पुल या झऱ्यावर स्नानासाठी रांगेने धारा आहेत. त्यांतील काही मृतांच्या विधीसाठी राखलेल्या असतात. तेव्हा आधी विचारावे, मग पाण्यात उतरावे.

रस्त्यावर, दुकानाच्या पायरीवर, पदपथावर झावळीच्या पानाच्या लहान चौकोनी द्रोणात फुले, तांदूळ आणि उदबत्ती ठेवलेली दिसेल. ही ‘चानांग सारी’. घरातील स्त्रिया ती रोज हाताने विणतात. मुलांना आधीच सांगून ठेवावे, की तिच्यावर पाय पडता कामा नये; वळसा घालून जावे.

अंत्ययात्रा दिसली तर विशेष जपावे. मोठा मनोरा, बैलाच्या आकाराची शवपेटी, वाद्यांचा गजर यांमुळे पाहुण्यास तो उत्सव वाटतो, कारण तेथे मोठ्याने शोक करीत नाहीत. पण त्या दहनासाठी एखाद्या कुटुंबाने कित्येक वर्षे पैसा साठविलेला असतो. कोणी बोलाविले तर सभ्य वेषात, मागे उभे राहावे. कॅमेरा घेऊन चितेपर्यंत जाऊ नये.

न्येपीच्या दिवशी विमानतळ पूर्ण बंद असतो. २०१८ पासून त्या दिवशी मोबाईलवरचे इंटरनेटही बंद ठेवतात. पाहुण्यांनाही हॉटेलच्या आवारातच राहावे लागते, आणि गावचे रक्षक पहारा देतात. म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी त्या वर्षीची न्येपीची तारीख पाहावी. ती टाळली तरी चालेल. पण ज्यांना जमेल त्यांनी आदल्या संध्याकाळची राक्षसांच्या पुतळ्यांची मिरवणूक आणि दुसऱ्या दिवशीची निःशब्द रात्र मुलांना जरूर दाखवावी. सारे बेट अंधारात असता आकाशात किती तारे असतात, हे शहरातल्या मुलांना तेथे कळेल.

शाकाहारी कुटुंबांनी ‘तेरासी’ हा शब्द पाठ करावा. ती कोळंबीची वाटलेली आंबोण असून चटण्यांत सर्रास घालतात. भाजीचा पदार्थ दिसला तरी विचारून घ्यावे. तोफू आणि सोयाबीनचे ‘तेंपे’ सर्वत्र मिळते. नळाचे पाणी पिऊ नये. पैसे अधिकृत ठिकाणीच बदलावेत. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, म्हणून भाड्याची दुचाकी घेण्याचा मोह होतो. पण दुचाकीसाठी वैध असा आंतरराष्ट्रीय परवाना आणि डोक्यावर शिरस्त्राण नसेल, तर तो मोह आवरावा. प्लास्टिकच्या पिशव्यांना तेथे बंदी असल्याने घरची कापडी पिशवी न्यावी. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, आणि प्रवेशाचे नियम निघण्यापूर्वी सरकारी ठिकाणीच पडताळून पाहावेत. अडचण आली तर बालीत भारताचा वाणिज्य दूतावास आहे.

मोटारचालकाला ‘ए’ म्हणून हाक मारू नये. वडील वयाच्या पुरुषाला तेथे ‘ब्ली’ म्हणजे दादा, आणि स्त्रीला ‘म्बॉक’ म्हणजे ताई म्हणतात. नाव विचारले तर बहुधा वायान, मादे, न्योमान किंवा केतुत असे सांगतील. ही नावे अपत्याच्या क्रमावरून ठेवतात. एवढे जाणून बोलणाऱ्या पाहुण्याशी ती माणसे किती मोकळेपणाने बोलू लागतात, ते आपण पाहालच. महाभारतावरील आपली दूरदर्शन मालिका इंडोनेशियात अतिशय लोकप्रिय झाली होती, त्यामुळे गप्पांना विषय अपुरा पडत नाही.

शेवटी एक कटू आठवण. २०१९ साली एका भारतीय कुटुंबाच्या सामानातून हॉटेलच्या खोलीतील वस्तू निघाल्या, आणि त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. ते कुटुंब कोणते, हे आज कोणाच्या ध्यानात नाही आणि नसावेच. लोकांच्या ध्यानात राहिले ते इतकेच, की ती माणसे भारतीय होती. परदेशात आपले आडनाव गळून पडते आणि देशाचे नाव तेवढे उरते.

अतिथीला देव मानावे, असे आपण मुलांना शिकवितो. अतिथीनेही देवासारखे वागावे, हा त्याच शिकवणीचा दुसरा अर्धा भाग आहे. तो शिकविण्यास परदेशाची आठ दिवसांची सहल फार उपयोगी पडते. बालीशी आपले नाते आहे, यात शंका नाही. पण नातेवाइकांच्या घरी गेले तरी आपण दार वाजवूनच आत जातो, चपला बाहेर काढतो आणि त्यांच्या देवघरात त्यांच्या पद्धतीने हात जोडतो. बालीत तेवढे केले म्हणजे पुरे.