आधी कुलूप, मग तारीख

वाचकहो, नरकचतुर्दशीला पहाटे अंगठ्याखाली कारीट चिरडल्यावरच आपण फराळाकडे वळतो. तेव्हा थोडे कडू मीही या अंकात आणले तर आपण रागावू नये. तीस वर्षे वकिलीत कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्यावर एका गोष्टीबद्दल मला गप्प बसवत नाही.

संसार मोडावयास आला की सर्वांत आधी घराबाहेर पडते ती लक्ष्मी. वडीलधारी मंडळी अजून समजूत घालीत असतात, आणि तिकडे मुदत ठेव मोडलेली असते, ब्लॉक चुलतभावाच्या नावे बक्षीसपत्राने गेलेला असतो. बायको कोर्टात येऊन म्हणते, "साहेब, उरले आहे ते तरी अडवा." अर्जावर शेरा पडतो, 'सामनेवाला यांनी म्हणणे द्यावे.' नोटीस निघते. म्हणजे ज्याच्या हातून पैसा वाचवावयाचा, त्यालाच आपण सरकारी शिक्क्यानिशी कळवितो की, बाबा रे, पुढल्या महिन्यात आम्ही कुलूप लावणार आहोत, तोवर तुझे तू पाहून घे!

कायदा नाही म्हणून असे होते काय? मुळीच नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 रोजी, त्या वर्षीची दिवाळी नुकतीच सरली असताना, अंमलात आला. आर्थिक कोंडी हाही छळच, असे त्याने स्वच्छ सांगितले. कोर्टाच्या परवानगीवाचून मालमत्ता विकू नये, खाते वा लॉकर चालवू नये, मग ते जोडनावाचे असो की एकट्या नवऱ्याचे, असा हुकूम कलम 18 खाली देता येतो. कलम 19 राहत्या घराची विक्री अडविते. आणि कलम 23 म्हणते की, बाईच्या शपथपत्रावरून प्रथमदर्शनी खात्री पटली तर हा हुकूम एकतर्फीही देता येईल. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांत नेमावी, हेही लिहिलेले आहे. संरक्षणाचा हुकूम मोडणारास वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. आणखी काय हवे? हवे ते कलम वापरण्याचे धैर्य.

माझ्या एका अशील बाईंचा लॉकर जोडनावाचा होता. आईने घातलेल्या पाटल्या त्यात होत्या. नोटीस बजावून बेलिफ परतला, तारीख पडली, आणि त्या तारखेस नवरोजींनी म्हणणे दिले की, लॉकरमध्ये काहीच नाही. खोटे नव्हते ते. त्या दिवशी खरोखरच काही नव्हते! स्त्रीधन हे सर्वस्वी बायकोचे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच सांगून ठेवले आहे. पण त्या निकालाने पाटल्या थोड्याच परत येतात?

यावर काही सभ्य गृहस्थ म्हणतात, दुसऱ्याचे न ऐकता हुकूम देणे हा अन्याय. बायका काय खोटे बोलत नाहीत? बोलतात की! मीही पाहिल्या आहेत. पण तूर्तातूर्त मनाईने कोणाचा पैसा कोणाला दिला जात नाही. आहे तो आहे तिथे राहतो. घरखर्चापुरती रक्कम काढण्याची मुभा हुकुमातच ठेवता येते. नवऱ्याने आठवड्यात यावे, आपली बाजू मांडावी, हुकूम उठवून घ्यावा. आठ दिवस थांबलेला पैसा पुन्हा चालू लागतो, गेलेला मात्र शोधीत फिरावे लागते.

4 नोव्हेंबर 2020 च्या निकालाने पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना मालमत्तेचे शपथपत्र सक्तीचे झाले, हे उत्तमच. परंतु ज्याने सारे आधीच हलविले, तो उरलेली यादी मोठ्या प्रामाणिकपणे भरून देतो!

आपल्या शेजारी गोव्याकडे पाहा. पोर्तुगीज काळापासूनच्या तिथल्या कायद्यात, वेगळा करार केलेला नसल्यास, लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता सामाईक होते, आणि बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला घर विकता येत नाही. गोव्यातले संसार म्हणून मोडून पडले, असे काही ऐकिवात नाही. आमच्याकडे तो अडसर नाही. म्हणूनच अर्ज आला त्याच दिवशी हुकूम व्हावा, आणि त्याची प्रत संध्याकाळच्या आत बँकेच्या मॅनेजरच्या टेबलावर पडावी, एवढेच माझे मागणे आहे.

आणि बायांनो, पाडव्याला ओवाळणीच्या तबकात पडते तेही तुमचे स्त्रीधनच. अर्जात नुसते 'दागिने व ठेवी' लिहून भागत नाही. बँकेची शाखा, लॉकरचा क्रमांक, खात्यांचे क्रमांक, सोनाराची पावती, हे सारे शपथपत्राला जोडावे लागते. त्याची एक नक्कल माहेरच्या कपाटात आजच ठेवून द्या.